सत्त्याऐंशी गोळे आणि एक तळटीप

मुलीला मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेसाठी पुण्याला जायचं होतं. सोबत दोन मैत्रिणी, सकाळची गाडी, रात्री परत. मी नाही म्हणालो. चार दिवस ती विचारत राहिली आणि चार दिवस मी तेच उत्तर दिलं. पाचव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला गेम येत असता ना, तर नाही म्हणला नसता."

हे मला लागलं. कॉलेजात असताना आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेतल्या एका गेम पार्लरमध्ये मी याच गेमचा जुना भाग उभ्यानं खेळलो होतो. नंतर एकामागून एक भाग निघाले, चित्रं चकचकीत झाली, पण हातातून आगीचा गोळा सोडायची चाल तीच राहिली. खाली, तिरकं, पुढं आणि बुक्की.

"येतो की," मी म्हणालो. "रविवारी मला हरव आणि खुशाल जा."

बायकोनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "अहो, नीट विचार करून बोला. ती रोज खेळते."

मी विचार करूनच बोललो होतो. प्रश्न फक्त कशानं खेळायचं, एवढाच होता. घरात चार पर्याय होते. लॅपटॉपचा कीबोर्ड. दोन्ही हातांत धरायचं पॅड. मुलीनं मैत्रिणीकडून आणलेली दांडी, म्हणजे पार्लरमध्ये असायची तशी, खाली पेटी आणि शेजारी बटणं. चौथी मुलीनं स्वतः बनवलेली, नुसत्या बटणांची पेटी. ती बायकोच्या मसाल्याच्या लाकडी डब्यात बसवलेली होती आणि त्या डब्याचा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

मुलगी कॉलेजला गेली की ऑफिसला निघायच्या आधी मला पाऊण तास मिळायचा. रोज एक साधन घेतलं. प्रत्येकावर ती चाल शंभर वेळा केली आणि किती वेळा गोळा सुटला ते वहीत मांडलं. कीबोर्ड बासष्ट. पॅड एक्केचाळीस, कारण माझा अंगठा तिरक्यावर थांबतच नाही. बटणांची पेटी तेवीस. दांडी सत्त्याऐंशी. तक्त्याखाली, सवयीप्रमाणे, चाचणी कशी केली तेही लिहिलं. अर्धवट माहितीचा तक्ता मला पाहवत नाही.

रविवारी दुपारी मी नियमांचा कागद काढला. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तो विजयी. साधन निवडण्याचा पहिला मान वडीलधाऱ्याचा. डावी बाजू वडीलधाऱ्याची. पंचाचा शब्द शेवटचा. पंच म्हणजे बायको, मांडीवर मेथीची जुडी घेऊन बसलेली.

मुलीनं वाद न घालता सही केली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

मी दांडी उचलली. तिनं पॅड घेतलं. एक्केचाळीसवालं! मला मनातून गुदगुल्या झाल्या.

पहिल्या फेरीत मी बारा वेळा चाल केली, त्यात अकरा गोळे सुटले. मुलीचा गडी आडवा झाला. "बघ," मी म्हणालो, "याला म्हणतात सराव."

"लई भारी, पप्पा," ती म्हणाली. एवढ्या नम्रपणे ती एरवी बोलत नाही.

दुसरी फेरी सुरू होताच तिच्या गड्यानं उडी मारली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे गेला. माझा गडी आपोआप वळला. मी चाल केली. तो खाली बसला, एक पाऊल मागं सरकला आणि हवेत बुक्की मारून उभा राहिला. पुन्हा केली. पुन्हा तेच. तोवर तिनं त्याला धरून आपटलं.

"दांडी बिघडली," मी म्हणालो.

"दांडीला काय झालंय?" बायको मेथी निवडत म्हणाली. "अहो, तोंड फिरलंय तुमचं. पुढं म्हणजे आता डावीकडं की!"

कळलं, पण हाताला कळेना. चारशे वेळा उजवीकडे गेलेला हात डावीकडे जायलाच तयार नव्हता. तिसऱ्या फेरीत ती पहिल्याच सेकंदाला उडी मारून पलीकडे गेली. मी पळून बाजू बदलायला बघितलं, तिनं कोपऱ्यात दाबून धरलं. माझा एकही गोळा सुटला नाही.

"पंचांचा निकाल," बायको म्हणाली, "पोरगी पुण्याला जाणार. आणि डबा मला परत मिळणार."

"डब्याचं नियमात नव्हतं," मी म्हणालो.

"पंचाचा शब्द शेवटचा हे होतं."

मी मुलीला विचारलं, "पहिली फेरी मुद्दाम सोडलीस?"

"तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून."

"आणि उडीचं कसं सुचलं?"

"वही टीव्हीजवळच ठेवता की तुम्ही." तिनं ती उघडून तक्त्याखालची माझीच ओळ माझ्याच आवाजात वाचली. "सर्व चाचण्या गड्याचं तोंड उजवीकडे असताना केल्या आहेत." बायकोच्या मांडीवरची मेथी खाली सांडली, इतकी ती हसली.

पुढच्या रविवारी मुलगी पुण्याला गेली. मी दांडी घेतली, गडी उजव्या बाजूला उभा केला आणि राहिलेली शंभराची चाचणी केली. एकोणीस. वहीत मांडली. तळटीपही लिहिली, पण या वेळी वही कपाटात ठेवली.

संध्याकाळी परतीच्या गाडीतून, कुर्डुवाडीहून तिचा फोन आला. "पप्पा, दोन मॅच जिंकले, तिसरी हरले."

"तिसरीला तोंड कुठल्या बाजूला होतं?" मी विचारलं आणि पेन्सिल शोधायला लागलो.