आमच्या शेतातलं सोनं

खडीच्या गाडीमागची दगडाची भुकटी नाकात गेली की मला आमचं शेलार गावातलं शेत आठवतं, आणि मी चार दिवस सोन्याच्या खाणीचा मालक होतो तेही आठवतं. माझी पुतणी खनिजांवर संशोधन करते. चिमूटभर दगडाची पूड अणुभट्टीत ठेवून तिच्यावर न्यूट्रॉनचा मारा करायचा, मग निघणाऱ्या किरणांवरून त्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखायचं, अगदी नावापुरती असली तरी. त्यासाठी तिनं आमच्या शेतातले काळे दगड नेले. पुढे तिचा फोन आला, "काका, एका दगडात सोनं दिसतंय. पण इतक्यात कुणाला सांगू नका." मी फक्त भावकीला सांगितलं. गोडाऊनसाठी शेत मागायला आलेल्या माणसाला तर दारातूनच वाटेला लावलं. रविवारी पुतणी आली आणि तिनं विचारलं, "नेण्याआधी मी दगड धुऊन इथं खिडकीत वाळत ठेवले होते, तेव्हा कुणी हात लावला का?" बायको चाचरत म्हणाली, "मी बांगडी घासलेली एकावर, सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो तशी. सासूबाईंनी लग्नात घातलेली, खरी हाय का न्हाय, बघावं म्हटलं." पुतणी हसत सुटली, "काकू, खरी हाय! अणुभट्टीनंच सांगितलंय." तेवढ्यात पलंगावरून आई गरजली, "माझ्यावर न्हाय, भट्टीवर इश्वास!" पण बायकोचा चेहरा असा उजळला होता की आईलाही हसू फुटलं. सासू-सुनेतली इतक्या वर्षांची शंका मिटली, बुडाली ती फक्त माझी खाण. भावकीतले मात्र मला आजही 'खाणवाले शेठ' म्हणूनच हाक मारतात, आणि मीही ओ देतो.