शिवकन्येचा ट्रॅक

गिरिधर दिवसा कृषी संशोधन केंद्रात कारकून होता आणि उरलेल्या वेळात, स्वतःच्या मते, बदनापुरातला एकमेव कानवाला माणूस. घराच्या मागच्या खोलीत गोधड्या टांगून त्यानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. भजनी मंडळं, गोंधळी, निवडणुकीची गाणी म्हणणारे, सगळे तिथं यायचे आणि बोलणी खाऊन जायचे. ताल जरा हलला की हा माणूस खुर्चीतून उठलाच. "देवाच्या दारात गेलात तरी तिथल्या घंटेची चूक काढाल," असं त्याची बायको प्रभावती म्हणायची.

अठ्ठ्याण्णव साली वाटूरहून दोघी बहिणी आल्या. थोरली नंदाबाई, धाकटी शिवकन्या. खुरपताना म्हणायच्या त्या ओव्यांची त्यांना कॅसेट करायची होती. नंदाबाईचं गाणं सरळ. शिवकन्या वरच्या सुरात साथ द्यायची, पण दर ओळीला अर्धा श्वास उशिरा यायची. तिला शिकवायला म्हणून गिरिधरनं तिचे सूर कीबोर्डवर वाजवून कॉम्प्युटरात भरले आणि त्या ट्रॅकला तिचंच नाव दिलं. काडीचा उपयोग झाला नाही. सातव्यांदा चुकल्यावर तो सगळ्यांदेखत ओरडला, "बाई, एसटी तरी कधी वेळेवर गाठलीत का?"

ती ओशाळून हसली. "न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या, भाऊ."

त्यानं राहू दिलं. तिचा आवाज पुसून टाकला आणि कॅसेट एकट्या नंदाबाईची निघाली.

दोन हजार एक साली शिवकन्या काविळीनं गेली. महिन्याभरानं नंदाबाई गिरिधरच्या दारात उभी. "भाऊ, तिचा आवाज कॉम्प्युटरात ऱ्हायला असंल ना? फोटो हाय, लुगडी हायेत. आवाज तेवढा कुठंच न्हाई."

पुसला, एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण तोंडातून निघालं, "आहे. रविवारी या."

एक खोटं बोललं की दुसरं करावं लागतं. त्याच्याकडे मुंबईहून आणलेला इफेक्टचा जुना डबा होता. माईकमधून गाणाऱ्याचा आवाज आत घ्यायचा आणि त्याच आवाजातून दुसरा बनवून बाहेर सोडायचा, हे त्याचं काम. दुसऱ्यानं कुठला सूर घ्यायचा, इको किती ठेवायचा, हे कॉम्प्युटर त्याला मिडीच्या वायरीतून सांगायचा. त्या वायरीतून आवाज जात नाही, नुसता हुकूम जातो. हुकूम आला की डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतो. गिरिधरनं शिवकन्येचा ट्रॅक या डब्याला जोडला आणि इको थोडा वाढवला.

रविवारी नंदाबाई हेडफोन लावून गायली. वरचा सूर उमटला. बाईचा, बारीक, शेताच्या पलीकडच्या बांधावरून आल्यासारखा. तिनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. गिरिधरला आपल्याच करणीची भीती वाटली.

मग ती दर रविवारी यायला लागली. वाटूर ते जालना, जालना ते बदनापूर, दोन एसट्या. एका दुपारी गिरिधरनं माईकपुढं कुणी नसताना तो ट्रॅक सुरू करून पाहिला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. फक्त दिवा लुकलुकत राहिला. एकेक सूर यायचा, आवाज मागायचा आणि तसाच परत जायचा. तेव्हापासून ऑफिसात फाईल उघडली तरी त्याला तो दिवा दिसायचा.

"खोलीत ती येऊन बसलीय," तो प्रभावतीला म्हणाला.

"कोण?"

"जिला मी हाकललं ती."

आठव्या रविवारी नंदाबाई माईकपुढं बसली आणि म्हणाली, "आज मी गप बसते. तिला एकटीला गाऊ द्या."

गिरिधर कॉम्प्युटरकडे वळला. त्यानं ट्रॅक सुरू केला. नंदाबाई डोळे मिटून वाट पाहत होती. दिवा लुकलुकत होता. एक ओळ गेली, दुसरी गेली. त्याच्यानं राहवलं नाही.

"नंदाबाई, तिचा आवाज नाहीये. मी तेव्हाच पुसला. इतके दिवस ऐकलात तो तुमचाच होता, मशिननं वर चढवलेला. मी खोटं बोललो."

तिनं डोळे उघडले नाहीत. "ठावं हाय. पयल्याच दिशी कळ्ळं. शिवकन्या कधी येळंवर आली काय? ही बराबर येती."

"मग आठ रविवार का आलात?"

"तुमी कवा सांगता ते बघून राह्यले व्हते. अन् कुणी तरी येत व्हतं ना संगं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता एक करा. तिला उशिरा येऊ द्या."

स्क्रीनवर शिवकन्येचे सूर म्हणजे छोट्या आडव्या रेघा. गिरिधर माऊसनं एकेक रेघ धरून अर्धा श्वास पुढं सरकवत गेला. ज्या उशिरापायी तिला चारचौघांत बोलला, तोच उशीर तो आता मोजून तिला परत देत होता. मध्येच त्याला स्क्रीन दिसेनाशी झाली, तेव्हा त्यानं चष्मा पुसला.

नंदाबाई गायली. वरचा सूर मागून आला, धडपडत, दर ओळीला. तिचा चेहरा उजळला. पण ओवी संपली, ती थांबली आणि त्यानंतर दिवा एकदा लुकलुकला. आवाज आला नाही.

"तिचा शेवटचा सूर ऱ्हायला," नंदाबाई म्हणाली.

"तुम्ही थांबलात की तीही थांबते. डब्याला तुमचा आवाज लागतो."

"मंग परत लावा."

या खेपेला शेवटच्या सुरावर ती थांबली नाही. श्वास सरत आला, मानेच्या शिरा ताणल्या, तरी तिनं सूर धरून ठेवला. दिवा लुकलुकला. वरचा सूर आला आणि तिच्या सुराला येऊन टेकला. मगच तिनं आपला सोडला.

ओळ चांगलीच तालाबाहेर गेली होती. गिरिधर खुर्चीतून उठला नाही.