लांब चोचीचं बोंडलं

माहा बाप कडूबा सोनार. डोणगावात त्याले दोन गोष्टींसाठी ओळखत, एक त्याची तिखट जीभ आन दुसरं त्याचं खरं सोनं. कोणी कस इचारला की तो दागिना हातातून ओढून घे आन म्हणे, जा, दुसरीकडं जाऊन गंडून ये. पण त्याच्या हातची तार का मणी का डोरलं कोणी खोटं म्हणून परत आणलं नाही. खोट्याचा त्याले एवढा तिटकारा, की नकली मणी घातलेल्या बाईशी तो धड बोलतही नसे. हे मी आधीच सांगून ठेवते. कारण पुढं जे झालं ते पाहून या माणसाले खरा म्हणू का खोटा म्हणू, हे मले म्हातारी झाली तरी समजलं नाही.

वऱ्हाड तवा मध्यप्रांताले जोडलेला होता, सरकारी हुकूम नागपूरहून येत. माही माय मले जन्म देऊन विसाव्या दिवशी गेली. घरात दुसरी बाई नाही. बापानं दारात शेळी बांधली आन चांदीचं बोंडलं घडवलं. बोंडलं म्हणजे लेकराले दूध पाजायचं चोचीचं भांडं, ते काही त्यानं शोधलं नाही, घरोघरी असे. पण बाकीच्यायची चोच आखूड. लेकराले मांडीवर घेऊन, हातानं धरून पाजा लागे. बापाले दुकान होतं, त्याले एवढी सवड कुठून? त्यानं चोच लांब केली आन टोकाशी वाकवली. पोट्टं चटईवर उताणं निजवायचं, चोच तोंडात द्यायची, भांडं उशीले टेकवायचं. मी पिऊन राह्यली आन बाप शेजारीच शेगडीवर फुंकणी मारून राह्यला.

मी जगली. बिनमायची पोर जगली म्हणून त्या बोंडल्याचं नाव गावभर झालं. मंग जिच्या घरी बाळंतपण तिले कडूबाचंच बोंडलं पाह्यजे. लेकरू पाळण्यात पेते, माय भाकरी थापाले मोकळी. देताना बाप सोता दाखवे, असं निजवायचं, असं टेकवायचं. त्या बोंडल्याचा त्याले असा गर्व होता की काही इचारू नका.

आता माहं. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानंही बारीक बोलणं सुटते. काऊन असं इचारलं की बाप म्हणे, जन्मापासूनच तसं हाय. सतराव्या वर्षी लग्न होऊन मी लोणारले सासरी गेली. सासू डाव्या अंगानं हाक मारे आन मी चुलीकडं पाहत बसे. सासरचे म्हणत, पोरगी मग्रूर हाय, दहा हाका मारल्या तरी उठत नाही. दोन वर्षांनी मले परत धाडलं. तवापासून मी बापाच्या हाताखाली. तो कान टोचे तवा लेकरू मी धरत होती. ते कितीही बोंबललं तरी मले त्रास होत नव्हता, तेवढाच त्या कानाचा उपयोग.

उकंडराव पाटलाची सून रुख्मिणी माह्याच वयाची, माही मैत्रीण. बाळंतपणात तिले ताप आला, दूध कमी झालं, म्हणून पोट्ट्याले गाईचं दूध सुरू केलं, अर्थात बापाच्याच बोंडल्यानं. पाचव्या महिन्यात बापानं सोन्याची तार घालून त्याचे कान टोचले. आठ दिवसांनी पोट्ट्याले सर्दी, ताप, कानाले हात लावू देईना, आन मंग उजव्या कानातून पू. सहा-सात दिवसांत वाळला. महिन्याभरात पुन्हा वाहू लागला. मंग दोन्ही कान. चौथ्या खेपेले उकंडरावानं बोलावणं धाडलं.

ओसरीवर दहा माणसं बसलेली. उकंडराव म्हणाला, "कडूबा, तुह्या तारेत खोट हाय. पोट्ट्याचा कान गेला तं या गावात कोणी आपलं लेकरू तुह्या हातात देणार नाही."

बाप घरी आला, कसोटीचा दगड घेतला आन परत गेला. पोट्ट्याच्या कानातली तार काढली, सगळ्यायसमोर घासली. पिवळी रेघ उमटली. सगळ्यायनं वाकून पाह्यली. पण कान तं वाहतच होता. बाप घरी येऊन मलेच इचारे, सोनं खरं हाय तं कान काऊन वाहते? टोचलं पाळीले, ती कोरडी ठणठणीत, आन पू येते आतून. हे काय गौडबंगाल हाय? मले काय माहीत? मी म्हणे, बाबा, जेवून घ्या.

गावाले मात्र सगळंच माहीत होतं. न्हाऊ घालणारी म्हणे, तेलात लसूण कडवून कोमट करून कानात सोडा. रुख्मिणीची सासू म्हणे, धुरी कमी पडून राह्यली, ओवा जास्त टाका. कोणी दृष्ट काढाले सांगे. एक बुढा म्हणे, वाहू द्या, वाहून गेलं की डोकं हलकं होते. रुख्मिणी बिचारी सगळ्यायचं ऐके. सकाळी तेल, मंग न्हाणं, मंग कोंडून धुरी, मंग पाळण्यात उताणं निजवून बोंडलं. कधी तेल घातलं की कान थांबे, कधी त्याच तेलानं दुप्पट वाहे. काय चालू ठेवावं आन काय बंद करावं, काही उमजेना. तिचं डोकं फिरायची पाळी आली, आन तिच्यासंगं माहंही.

एक दिवस तिनं मले आत नेलं. पाळण्यामागं उभी राहून तिनं हातातल्या बांगड्या वाजवल्या. पोट्टं वळलं नाही. पुन्हा वाजवल्या. ते आपलं छताकडं पाहून राह्यलं.

"सत्यभामे," ती म्हणाली, "तुह्यावाणी तं नाही होणार न याचं?"

मले राग आला. मंग तिचं तोंड पाह्यलं आन रागही राह्यला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात न्या, हा हट्ट बापाचाच. उकंडराव म्हणे, तिथं कापाकापी करतात. बाप म्हणे, माह्या नावाचा सवाल हाय, गाडी जुंपा, मी संगं येतो. मंग रुख्मिणी, पोट्टं, मी आन बाप असे निघालो. डॉक्टर हळू बोलणारे होते, म्हणून मी उजवी बाजू पुढं करून बसली. त्यायनं कपाळाले आरसा बांधला, उजेड धरून कानात पाह्यलं, कापसानं पू टिपला, पुन्हा पाह्यलं. पाळी दाबून पाह्यली. मंग सांगतलं, टोचण्याचा काही संबंध नाही, जखम साफ भरलेली आहे. बापानं माह्याकडं असं पाह्यलं की मलेही हसू आलं. आमचं काम झालं होतं.

पण डॉक्टरायचं झालं नव्हतं. लेकराले काय पाजता, कसं पाजता, घरात धूर किती, हे ते इचारत बसले. मंग समजावून सांगतलं, की कानाच्या पडद्यामागून घशात एक बारीक नळी उतरते. मोठ्या माणसाची उतरती असते, लेकराची आखूड आन आडवी. उताणं निजवून पाजलं की दूध आन शेंबूड त्या नळीनं वर चढते, तिथं कोंडते, पू होते आन पडदा फोडून बाहेर येते. धुरानं नळी आखीन सुजते. असं घडीघडी झालं तं ऐकू येणं जाते. तेल बिलकुल घालायचं नाही, फुटक्या पडद्यातून ते आत जाते. न्हाताना कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. स्वच्छ कापसाची वात करून कानाच्या तोंडाशी पू टिपायचा, कोरडी निघेपर्यंत, दिवसातून चार वेळा. धुरी बंद. चिलीम ओढणाऱ्यानं लेकराले घ्यायचं नाही. मायचं दूध जेवढं येईन तेवढं पाजायचं, आन काहीही पाजा, मांडीवर डोकं वर धरून पाजायचं. कानामागं सूज आली तं त्याच दिवशी घेऊन यायचं.

बापानं इचारलं, म्हणजे नेमकं कशानं झालं? दुधानं, का धुरानं, का सर्दीनं? डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनी मिळून, एकावर बोट ठेवता येत नाही. बापाले ते पटेना. त्याच्या दगडावर एकच रेघ उमटते, खरी नाही तं खोटी. त्यानं तीनदा फिरवून फिरवून तेच इचारलं.

मंग डॉक्टरायनं बोंडलं मागितलं. रुख्मिणीनं गाठोड्यातून काढून दिलं. त्यायनं ते उलटंपालटं करून पाह्यलं, चोचीवरून बोट फिरवलं. एवढी लांब चोच पहिल्यांदाच पाहतो, म्हणाले, कोणी केलं? रुख्मिणीनं मोठ्या कौतुकानं बापाकडं हात केला. या काकांनी, म्हणाली, आमच्या गावची सगळी लेकरं याच्यावरच वाढली.

"काम सुरेख आहे," डॉक्टर म्हणाले. "पण निजवून पाजायला फारच सोयीचं आहे."

बाप जमिनीकडं पाहू लागला.

परतीच्या गाडीत मी त्याच्यासमोर बसली होती. चटई, उताणं, शेगडीचा धूर, लांब चोच, हे सगळं माह्या डोक्यात एकामागून एक येऊन राह्यलं होतं. जन्मापासून, असं तो म्हणे. मी त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यली. तो बैलांच्या पाठीकडं पाहत राह्यला, गाव येईपर्यंत.

ओसरीवर रुख्मिणीनं सगळं सांगतलं. उकंडराव उठला आन चारचौघांत म्हणाला, कडूबा, तार खरी होती, माहं चुकलं. ज्याच्यासाठी बाप एवढा धडपडला ते त्याले भेटलं होतं. त्यानं राम राम करून घरी यावं की नाही? तो तिथंच उभा राह्यला.

"पाटील, तार खरी हाय," तो म्हणाला. "बोंडलं खोटं हाय. ते म्या केलं, आन कसं निजवायचं ते घरोघरी म्याच शिकवलं."

लोक चक्रावले. काल तं हा भांडत होता की माहा दोष नाही, आन आज सुटला तं म्हणते माहाच दोष हाय. कोणी म्हणालं, कडूबाले ऊन लागलं. कोणी म्हणालं, आता बोंडल्याची नवी तऱ्हा काढली असंन, ती खपवाची हाय. दुसऱ्या दिवशीपासून बाप दारोदार जाऊन सांगू लागला, बोंडलं आणून द्या, चोच आखूड करून देतो. तीन बाया आल्या. चौथी आली ती भांडाले. माहे पाच लेकरं याच्यावरच वाढले, म्हणाली, एकाचाही कान वाह्यला नाही, मंग तू काऊन आपल्याच कामाले नावं ठेवतं? तेही खरंच होतं. तिचे पाचही पोट्टे चांगले खणखणीत होते.

रुख्मिणीनं मात्र डॉक्टरायचं सगळं केलं. धुरीवरून सासूशी पहिल्यांदा तोंड वर करून बोलली. मांडीवर बसवून पाजे, कापसाच्या वाती करे, मायचं दूधही हळूहळू थोडं वाढलं. हिवाळ्यात एकदा कान वाह्यला, चार दिवसांत कोरडा झाला. वैशाखात आखाजीचा सण आला तोवर पुन्हा वाह्यला नव्हता. कशानं बरं झालं? सासू म्हणे माह्या नवसानं. न्हाऊ घालणारी म्हणे, आधीच्या तेलाचा गुण उशिरा आला. पोट्टं मोठं झालं म्हणून आपोआप थांबलं, असंही कोणी म्हणे. रुख्मिणीनं एकदमच सगळं बदललं, मंग सांगणार कोण?

आन माह्या बापानं साऱ्या गावाले सांगतलं, उकंडरावाले सांगतलं, त्या भांडखोर बाईले सांगतलं, पण मले आठ महिने एक शब्द सांगतला नाही. मी रोज त्याच्यासमोर भाकर ठेवे आन वाट पाहे. मीच इचारावं, असं हजारदा मनात आलं. मंग वाटे, मी काऊन इचारू? एखाद्या दिवशी असा संताप ये की ते पहिलं बोंडलं ऐरणीवर ठेवून चेपावं. आन मंग आठवे, ते नसतं तं मी एकविसाव्या दिवशीच मायच्या मागं गेली असती. रागवावं कोणावर, हेच मले ठरवता येईना.

आखाजी झाल्यावर एका दुपारी रुख्मिणी पोट्ट्याले कडेवर घेऊन दुकानात आली. त्याची पाठ बापाकडं होती. बापानं ऐरणीवर हातोडीनं हळूच टिचकी मारली. पोट्टं गर्रकन वळलं. बाप दुसऱ्या बाजूले गेला, आखीन हळू मारली. पोट्टं तिकडं वळलं आन हसलं. रुख्मिणी रडाले लागली. मंग डोळे पुसून, पोट्ट्याचे मुके घेत घरी गेली.

बापानं हातोडी खाली ठेवली. तो माह्याजवळ येऊन बसला, डाव्या बाजूले, आन शेगडीकडं पाहत बोलू लागला.

"तू जन्मली तवा तुले ऐकू ये. टाळी वाजली की दचके. सहाव्या महिन्यात कान वाह्यला, चार वर्षं वाहत राह्यला. म्या जन्मापासून सांगतलं, कारण लोक म्हणतीन बिनमायची पोर यानं नीट पाह्यली नाही. तुह्या सासरच्यायलेही खरं सांगतलं नाही. तुले मग्रूर म्हणत होते तवा म्या गप बसलो."

आवाज बारीक होता आन बाजू डावी. पण मी त्याच्या ओठाकडं पाहत होती. एकूण एक शब्द मले समजला.

"बाबा," मी म्हटलं, "मले ऐकू नाही आलं."

तो माह्याकडं पाहत राह्यला. मंग उठला, उजव्या बाजूले येऊन बसला आन पहिल्यापासून सांगू लागला, मोठ्यानं. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली, मंग तिसरं थांबलं. मी त्याले थांबवलं नाही.