हँडलची खाट विकणे आहे

रंगूबाईंचं तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, तशी साधनानं पदर खोचला आणि आतल्या खोलीतली लोखंडी खाट भिंतीपासून ओढून मधोमध आणली.

"ही आता घरात नको," ती म्हणाली.

महेश दारात चहा पीत उभा होता. "अगं, राहू दे की थोडे दिवस. आईला जाऊन अजून..."

"विचारत नाहीये मी तुम्हाला. सांगतेय."

खाट दवाखान्यात असते तशी होती. पायथ्याशी हँडल होतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. दोन हजार चार साली रंगूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हा महेशनं ती नवी कोरी आणली होती. त्या झटक्यात त्यांचं डावं अंग गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि साधनाच्या मते झटक्यानं तिथंच माती खाल्ली.

रंगूबाई म्हणजे साधीसुधी बाई नव्हती. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, कडेनं मेथी-कोथिंबीर. उजाडायच्या आत पाट्या भरून त्या नाशकाच्या फुलबाजारात बसायच्या आणि त्यांच्याशी घासाघीस करताना भलेभले व्यापारी आवंढा गिळायचे. एक्क्याण्णव साली साधना सून म्हणून आली तेव्हा उंबऱ्यावरच त्यांनी तिला नावं ठेवली होती. "नांदगावची हाय. दुष्काळातली. हिला पाणी घालायचं कळायचं नाय, ना झाडाला ना माणसाला." तेव्हापासून जे सुरू झालं ते खाटेवर पडल्यावरही थांबलं नाही. पोटभर जेवून हात पुसून घ्यायच्या आणि भेटायला आलेल्या बायांना सांगायच्या, "उपाशी मारती मला ही."

साधना शेवटची पाच वर्षं या बाईचं सगळं करत राहिली. प्रेमानं केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि कोणी म्हटलं तर तिला राग यायचा.

शेजारच्या विठाबाईंनी सुचवलं, "दान करून टाक गं एखाद्या दवाखान्याला. पुण्य लागेल."

"पाच वर्षं मी दानच करत होते विठाबाई. आता विकणार."

पण खाट विकायची कोणाला? जुन्या बाजारातला माणूस आला, त्यानं खाटेला एक लाथ मारून पाहिली आणि भंगाराच्या भावानं किलोवर मागितली. साधनानं त्याला फाटकापर्यंत पोचवलं, तेही बोल सुनावत. मग महेशला युक्ती सुचली. तो द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होता आणि तिथं नुकतंच इंटरनेट आलं होतं. जुन्या वस्तूंच्या जाहिराती त्यावर फुकट टाकता येतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं मोबाइलवर खाटेचा फोटो काढला, त्यात कोपऱ्यात त्याचा अंगठाही आला, आणि जाहिरात टाकून मोठ्या ऐटीत घरी आला.

दुसऱ्या दिवशी साधना भाकऱ्या थापत असताना फोन वाजला.

"साधना मॅडम का? बेडची ॲड पाहिली. लास्ट प्राइस काय?"

तिनं किंमत सांगितली. समोरच्यानं तिच्या निम्मी सांगितली. तिनं नाही म्हटलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तेवढ्यात नवीन येतो."

"मग नवीन घ्या ना! मला कशाला फोन केला?"

फोन ठेवल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचं नाव आणि तिचाच नंबर? संध्याकाळी महेश चप्पल काढतोय तोच तिनं गाठलं.

"माझा नंबर कशाला टाकलात?"

"ऑफिसात माझा फोन सारखा वाजला तर साहेब काय म्हणतील?"

"आणि इथं सारखा वाजला तर मी काय म्हणीन, ते नाही आलं मनात?"

फोन वाजतच राहिला. एकानं विचारलं, डबल बेड आहे का. एकानं विचारलं, बदल्यात जुना टीव्ही चालेल का. एक जण म्हणाला, "फक्त हँडल विकणार का?" सिडकोतल्या एका गृहस्थानं छातीठोकपणे सांगितलं, "रविवारी सकाळी येतो, दुसऱ्या कुणाला देऊ नका, शब्द दिला." त्या शब्दासाठी तिनं भावाच्या घरचं बारसं सोडलं, दोघांना नकार दिला आणि दिवसभर रस्त्याकडे बघत बसली. दिवस मावळता तिनं फोन लावला, तर पलीकडून बाई म्हणाली, "ते झोपलेत." आणि काही जण असे होते की त्यांना खाट नकोच होती. बाईचं नाव आणि बेड हे दोन शब्द एकत्र दिसले, तेवढंच त्यांना पुरे होतं. "बेड एकटाच आहे का मॅडम, की..." असल्या एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत साधनानं रंगूबाईंकडून अठरा वर्षांत फुकट ऐकलेलं सगळं त्याला सव्याज ऐकवलं. त्या घटकेला सासूचा उपयोग झाला, हेही तिला कबूल करावंसं वाटलं नाही.

"जाहिरात काढून टाका," ती महेशला म्हणाली.

"पासवर्ड लागतो. तो मी काय ठेवला होता..." महेश छताकडे बघत राहिला.

प्रत्यक्ष घरी येणारे फोनवाल्यांपेक्षा वाईट निघाले. इंदिरानगरहून एक जोडपं आलं. नवऱ्यानं चपलेसकट खाटेवर बसून दोन उड्या मारून पाहिल्या. बायको खाटेकडे कमी आणि स्वयंपाकघराकडे जास्त बघत होती. "भिंतीला ओल आहे वाटतं तुमच्या," ती म्हणाली. साधनानं ओठ दाबून चहा ठेवला. सौदा जवळजवळ ठरला, नवऱ्यानं पाकीटही काढलं, आणि बाईनं हळूच विचारलं, "यावर कोणी... म्हणजे, गेलं वगैरे नाही ना?"

"माझ्या सासूबाई गेल्या. महिना झाला."

बाई खाटेला टेकली होती ती चटका बसल्यासारखी बाजूला झाली. नवऱ्याचं पाकीट खिशात गेलं. दोघांनी चहाला हातही लावला नाही. जाताना बाईनं अंगणातल्या नळावर पाय धुतले.

साधनानं ते दोन्ही कप मोरीत ओतले. दवाखान्यातली खाट आणि त्यावर कोणी मेलं नसावं! मग माणसं मरतात कुठं, झाडावर? त्या दिवशी तिनं ठरवलं, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तरी सरळ सांगायचं नाही.

निवृत्ती आला तो त्यानंतर. दिंडोरीकडचा होता, द्राक्षबागांवर फवारणीची कामं घ्यायचा, अंगाला औषधाचा वास. त्याच्या आईच्या पायांतली ताकद गेली होती आणि डॉक्टरनं अशीच खाट आणा म्हणून सांगितलं होतं. त्यानं हँडल फिरवून पाहिलं, वाकून सांधे पाहिले.

"कोण वापरत व्हतं, ताई?"

"सासूबाई."

"आता बऱ्या हायेत का?"

"आता काही त्रास नाही त्यांना."

"चांगलं झालं," निवृत्ती मनापासून म्हणाला. साधनाला क्षणभर कसंतरी झालं, पण तिनं तोंड उघडलं नाही. त्यानं फार घासाघीस केली नाही. पैसे दिले आणि टेम्पोत खाट गादीसकट बांधून नेली. साधनानं रिकाम्या खोलीत बादलीभर पाणी ओतून फरशी घासली.

पण त्याच संध्याकाळी निवृत्तीनं फोन केला, गादी उन्हात घातलेली चालेल का विचारायला. साधनाचे हात पिठात होते, फोन महेशनं घेतला. आणि महेशला बोलायला माणूस मिळालं. "चालेल की. आई त्याच गादीवर गेली हो, अगदी शांतपणे. काही त्रास नाही झाला..."

साधना पिठाच्या हातांनी धावत आली तोवर पलीकडून फोन बंद झाला होता.

"तुम्हाला देवानं तोंड दिलं ते आईचं का नाही दिलं?" ती महेशला म्हणाली. "निदान कुठं काय बोलायचं ते तरी कळलं असतं!"

दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो फाटकाशी येऊन उभा राहिला. खाट उलटी घातलेली, पाय आभाळाकडे. निवृत्ती उतरला तो डोळे लाल करूनच.

"ताई, तुम्ही मला फसवलं. खाट घ्या आन् पैसे द्या."

"काय फसवलं? हँडल फिरत नाही का?"

"तुम्ही म्हन्ले, त्रास नाय त्यांना!"

"मग आहे का?"

गल्ली गोळा झाली. विठाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. "मी म्हटलं नव्हतं, दान कर म्हणून?" निवृत्तीचा आवाज चढला, साधनाचा त्याच्यावर चढला. पैसे किराणा दुकानदाराला देऊन झाले होते, आणि नसते झाले तरी तिनं ते परत केले नसते.

तेवढ्यात टेम्पोच्या पुढच्या सीटवरून कोणीतरी दारावर थाड थाड हात आपटला.

"निवृत्ती! तिला हिकडं बोलव. तुला बोलता येत नाय."

आत एक म्हातारी होती. मागं-पुढं उशा लावून बसवलेली, नऊवारी पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, जबडा असा की साधनाला रंगूबाईच आठवल्या. ही सखुबाई, निवृत्तीची आई. कोणत्या बाईनं आपल्या पोराला मढ्याची खाट गळ्यात मारली ते बघायला हट्टानं आली होती.

"तू का ती?"

"मीच."

"तुही सासू मेली का या खाटंवर?"

"मेली."

"मंग बोलली का नाय?"

"बोलले असते तर घेतली असती का?"

"नसती घेतली."

"म्हणूनच नाही बोलले."

गल्लीत कोणीतरी फिस्सकन हसलं. सखुबाईंनी त्या दिशेनं असं पाहिलं की हसणारा गप्प झाला. मग त्यांनी साधनाला नखशिखांत न्याहाळलं.

"किती वर्षं पडून व्हती?"

"पाच."

"पाठीला फोडी-जखमा?"

"एकही नाही."

"खोटं नको बोलू. आमच्या शेजारची सहा महिन्यांत सडली पार. पाच वर्षात जखम नाय?"

"विचारा ना," साधनानं विठाबाईंकडे बोट केलं. "यांनीच शेवटची आंघोळ घातली."

विठाबाईंनी नाइलाजानं मान हलवली. "पाठ लहान लेकरासारखी होती. खोटं कशाला बोलू."

सखुबाई पुन्हा साधनाकडे वळल्या. "लय जीव व्हता मंग तुझा सासूवर."

"अजिबात नव्हता." साधनाच्या तोंडून ते असं निघालं की महेश दारातून आत सरकला. "छळलं त्यांनी मला. आल्या दिवसापासून. पडल्यावरसुद्धा."

"मंग?"

"मग काय? एक जखम जरी झाली असती ना, तर त्यांनी ती सगळ्या भावकीला उघडून दाखवली असती. बघा माझ्या सुनेनं काय केलं म्हणून. तेवढं सुख मी त्यांना देणार नव्हते. दर दोन तासांनी कूस बदलली, पावडर लावली, चादरीला सुरकुती पडू दिली नाही. एवढं बोलल्या, पण दाखवायला त्यांना काही मिळालं नाही."

हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. भर गल्लीत, टेम्पोच्या दारापाशी, एका परक्या आणि भांडखोर म्हातारीला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिचा आवाज फाटला. तिला त्याचा भयंकर राग आला. पदरानं तोंड पुसून ती पुन्हा ताठ उभी राहिली.

सखुबाईंच्या पोटातून हसू आलं. उशा हलायला लागल्या, मागची एक खाली पडली.

"निवृत्ती," त्या म्हणाल्या, "खाट राहू दे. मला ही बाई पाहिजे."

"मी विकायला काढलेली नाही," साधना म्हणाली.

"ठाव हाय. म्हणून तर खाटंवर भागवती." त्यांनी पडलेली उशी मागितली. ती निवृत्तीच्या आधी साधनानंच उचलली आणि त्यांच्या पाठीमागं दिली, कमरेच्या बरोबर वर, सवयीनं. "चल घरी. मेली त मेली. अशी साफ पाठ घेऊन मरायला मिळालं त माझी हरकत नाय."

निवृत्ती वैतागून म्हणाला, "आये, मंग सकाळी एवढा तमाशा कशाला केला?"

"मला काय ठाव, कोन मेलं आन् कसं मेलं ते. आता ठाव झालं."

टेम्पो गेला. गल्ली पांगली. विठाबाई जाता जाता म्हणाल्या, "तरी दान केली असतीस तर..." आणि साधनानं त्यांच्या तोंडावर फाटक लावलं.

महेशशी ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं भीत भीत विचारलं, "आईचा खरंच एवढा राग होता तुला?"

"होता. आहे." ती मेथी निवडत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आता कोणावर काढू, तेवढं सांगा."

महेश तिच्याशेजारी बसला आणि त्यानंही एक जुडी ओढून घेतली. निवडली वाईटच, पण ती काही म्हणाली नाही.

पावसाळा लागता लागता एकदा फोन आला. नंबर निवृत्तीचा, आवाज म्हातारीचा.

"ए बाई, तुही खाट कुरकुरती रातभर."

"तेल घाला सांध्यात."

"घातलं."

"मग कूस कमी बदला."

"कूस बदलायला कोन हाय हितं? माही सून एकदा झोपली की मेल्यावानी. काल म्हन्लं तिला, नाशकातल्या त्या बाईकडं जाऊन शीक जरा, त ती म्हन्ती..."

"आजी, थांबा," साधना म्हणाली. "खाटेचं काय असेल ते बोला. बाकीचं मला सांगू नका. मी सुनेच्या बाजूची आहे."

पलीकडून खणखणीत शिवी आली. साधनानं ती पूर्ण ऐकून घेतली आणि मगच फोन ठेवला.