लार्बी खाटीक आणि नवी ताटली

फ्रान्समधल्या आमच्या मार्सेयच्या अरबी बाजारात लार्बी खाटकाइतका तापट माणूस दुसरा नाही. त्याच्या शेजारी तीस वर्षं कडधान्यं विकतोय, म्हणून सांगतो. "हलाल आहे ना?" एवढं विचारलं तरी हा अंगावर धावायचा. पण त्या शुक्रवारी भरलं दुकान टाकून तो एका सुनेसाठी पाच मजले चढला.

ती सून म्हणजे मिरेय, आमच्या मुरादची फ्रेंच बायको. लग्नावरून सहा वर्षं रुसलेली सासू याकूत, जिला आम्ही मानानं लल्ला म्हणतो, अल्जीरियाहून पहिल्यांदाच बोटीनं आली होती. मिरेय लार्बीच्या दुकानात आली ती रडतच.

"काका, तीन दिवस नुसत्या पाव आणि ऑलिव्हवर आहेत. माझ्या हातच्या अन्नाला शिवत नाहीत. रविवारी जातायत परत."

"मांस माझंच नेतेस ना?"

"तुमचंच."

"म्हणजे ही बाई माझ्या मांसाला नावं ठेवते!" लार्बी निघालाच. भांडण सोडवायला मी मागोमाग.

वर मुराद मिठाची गुळणी धरून बसलेला. आईला फ्रेंच येत नाही, बायकोला अरबी येत नाही, आणि हा दोघींना भ्यायलेला.

"लल्ला, काय खोट आहे हो माझ्या मांसात?" लार्बी दारातूनच गरजला.

"तुझ्या मांसाला काय धाड भरलीय!" म्हातारी कडाडली. टेबलावर तीन ताटल्या होत्या, दोन जुन्या, एक कोरी करकरीत. "पोटच्या पोराच्या घरी मला वेगळं वाढते. मी काय वाटसरू आहे?"

लार्बीनं ते मिरेयला फ्रेंचमध्ये सांगितलं.

"अहो, ती मुद्दाम विकत आणली. आमच्या ताटल्यांत पूर्वी डुकराचं मांससुद्धा खाल्लंय... त्यांना चालणार नाही असं वाटलं."

आमच्या तापट खाटकानं हे अरबीत सांगितलं, तेही न ओरडता. म्हातारीनं ती कोरी ताटली उचलून बाजूला ठेवली.

"परात आहे का कुणाकडे?" तिनं विचारलं.

माझ्याकडे होती. पाच मजले मी उतरलो, पुन्हा चढलो. परातीत मिरेयनं केलेल्या कुसकुसचा, म्हणजे वाफवलेल्या गव्हाच्या रव्याचा ढीग, मध्ये मांस, आणि भोवती आम्ही पाच जण. मांस वाटायचा मान वडीलधाऱ्यांचा. याकूतनं हातानं एक मऊ, मोठा तुकडा तोडला. मला वाटलं, मुरादला देणार. तो तिनं मिरेयच्या बाजूला सरकवला.

"खा. किती वाळलीयेस! गावी येशील तेव्हा लोक म्हणतील, सासूनं उपाशी ठेवली."

मुरादनं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण मिरेय डोळे पुसत जेवायला लागलीसुद्धा होती.