जन्माचं दुखणं

मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी एक बाक होता. त्यावर बसून बाबा आणि तळमजल्यावरचे काका रोज संध्याकाळी देशाची तब्येत तपासत. काकांचं म्हणणं, दवाखान्याचा खर्च सरकारनंच उचलायला हवा, सगळ्यांचा. बाबा उसळायचे. "सरकारच्या भरवशावर बसलात तर मराल. मी मेडिक्लेम घेतलाय, तुम्ही पण घ्या." पॉलिसी घेतल्यापासून बाबांचा रुबाब असा, की जणू आजारपणच रद्द करून आलेत. मला दोघांचंही हसू यायचं.

मग आईला जिने चढताना दम लागायला लागला. हृदयाची झडप खराब झाली होती, ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. बाबा हादरले, पण पॉलिसी होती. मीरा रोडच्याच एका खाजगी हॉस्पिटलात भरती करताना तरुण डॉक्टरनं विचारलं, "आंटी, ये तकलीफ कब से है?" आई नेहमीच्या वैतागानं म्हणाली, "क्या बताऊं, ये तो जनम का है." आमच्याकडे कंबरदुखी जन्माची असते, नवऱ्याचा तिरसटपणा जन्माचा असतो, नळाला पाणी नसणंही जन्माचंच. त्या बिचाऱ्यानं मान डोलावली आणि लिहून घेतलं, जन्मापासून.

जन्मजात आजार पॉलिसीत बसत नाही, असं विमा कंपनीनं कळवलं. बाबा तिथल्या साहेबाला परत परत समजावत राहिले, की आमच्यात असं बोलायची पद्धतच आहे. साहेब मराठीच होता. म्हणाला, "काका, मला कळतंय हो. पण लिहिलंय तसं ना." त्याला कळत होतं, याचाच मला जास्त राग आला. अजून येतो.

तळमजल्यावरचे काका सरकारी योजनेची चौकशी करून आले. ती पिवळ्या रेशनकार्डवाल्या गरिबांसाठी होती, आमचं कार्ड पांढरं. त्यानंतर बाकावर दोघं नुसते बसून राहायचे. कोण बरोबर होतं, हे विचारायची दोघांचीही हिंमत नव्हती.

खाजगीतला खर्च खिशातून झेपणारा नव्हता, म्हणून शेवटी मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात नंबर लावला. ऑपरेशनची तारीख खूप पुढची मिळते, हे रांगेतच कळलं होतं. तोवर आईच्या पायांवर सूज चढली होती. आत डॉक्टरीणबाईंनी मायेनं विचारलं, "मावशी, त्रास कधीपासून होतोय?"

 आई बाबांकडे वळून हळूच म्हणाली, "काय सांगू?"