हौसाकाकूंकडची एक मूठ

माझ्या सासूबाई, सगुणाबाई, दर लावणीला एक चमत्कारिक गोष्ट करायच्या. आमचा राब, म्हणजे भाताची रोपं वाढवायचा वाफा, रोपांनी गच्च असायचा, तरी त्या बांधावरून शेजारच्या हौसाकाकूंकडे जायच्या आणि चारचौघींत हात पुढे करायच्या, "हौसा, एक मूठ दे गो." मिळालेली रोपांची जुडी आणून आमच्या खाचरात लावायच्या. पेणच्या बाजारपेठेत वाढलेली मी नवी सून. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या वर्षी मी तोंडावर बोलले, की भरल्या घरची बाई भीक मागते हे शोभत नाही. त्या रागावल्या नाहीत. बांधावर बसल्या आणि मान खाली घालून सांगू लागल्या.

तरुणपणी आमच्या गडब गावात रोपं करावीत तर सगुणानंच, असं त्यांचं नाव होतं. जिभेला मात्र हाड नव्हतं. हौसाकाकूंनी जिते या माहेरगावाहून तांबड्या कुसळांचं भात आणलेलं. त्यांचा राब म्हणजे टकलीचं डोकं, असं सासूबाई गावभर सांगायच्या. एका वर्षी सासूबाईंनी मोड यायला भिजलेलं बी पोत्यात दडपलं आणि बहिणीकडे बारशाला रोह्याला गेल्या. एक दिवस म्हणता तीन राहिल्या. परत येऊन बघतात तर पोत्यातून वाफ निघतेय, निम्मं बी उबून कुजलेलं. कुणाला न सांगता उरलेलं पेरलं. राब विरळ आला आणि लावणीत एक खाचर उघडं राहिलं.

रोप कमी पडलं तर शेजारी मागायचं, ही आमच्याकडची रीतच. कुणी नाही म्हणत नाही. पण ह्या मागणार कुठल्या तोंडानं? भर दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना त्यांनी हौसाकाकूंच्या राबातून वीस मुठी उपटल्या आणि सांजेपर्यंत लावून टाकल्या. कोवळं रोप कुणाचं, ते कोण ओळखणार?

नवरात्रात लोंब्या निसवल्या आणि हमरस्त्याला लागून असलेल्या त्या खाचरात तांबडी कुसळं डोलू लागली. गावात तसं भात एकाच घरचं. रस्त्यानं जाणारी एसटीसुद्धा आपल्याकडेच बघतेय असं त्यांना वाटायचं. शेवटी एका सकाळी त्या विळा घेऊन गेल्या, हिरवंच कापून गुरांना घालायला. धाटांची पहिली मूठ हातात धरली, तर मागे हौसाकाकू उभ्या.

"कापू नको गो. उधाणानं खाडीचा बांध फुटला, माझ्या शेतात खारं पाणी शिरलंय. बियाला एवढंच राह्यलंय."

"हौसा, मी चोरलंय ते."

"ठावं हाय. मागतलं असतंस तर लावू लागायला पण आले असते."

भात पिकल्यावर सासूबाईंनी स्वतः डोक्यावरून ते हौसाकाकूंच्या दारात नेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणाल्या. तिनं चहा ठेवला. ती लाज अजून उतरलेली नाही, म्हणून दर वर्षी चारचौघींत मागते. ऐकून मला माझ्याच बोलण्याची शरम वाटली.

पुढच्या वर्षी सासूबाईंचे गुडघे आखडले आणि बांधावर मी गेले. सगळ्याजणी लावता लावता वर बघू लागल्या. एवढंसं वाक्य, पण मी नुसता पदरच खोचत राहिले. हौसाकाकूंनी ओळखलं आणि आपणहून एक मूठ पुढे केली.

"नको काकू," मी म्हटलं, "आधी मला मागू द्या."